दोन बारांमधली वही

१

मंगळवारी दुपारी कोर्टातलं लोखंडी कपाट उघडं सापडलं आणि त्यातली कंपनीची वही गेलेली होती. कुलूप फोडलेलं नव्हतं, साधा ओरखडासुद्धा नव्हता. त्या कुलपाच्या किल्ल्या दोनच. एक जज्ज थर्लोंच्या घड्याळाच्या साखळीला, दुसरी माझ्या नवऱ्याच्या खिशात. ॲन्सेलने हे मला दारात उभं राहूनच सांगितलं. घरात आल्यावर हॅट खुंटीला लावल्याशिवाय तो कधी बोलत नाही. त्या दिवशी हॅट डोक्यावरच राहिली.

वही यादवी युद्धातल्या शिपायांच्या तुकडीची, म्हणजे कंपनीची होती. एझ्रा थर्लो अठराशे बासष्ट साली आमच्या हॅलर्स बेंडमधून साठ माणसं घेऊन दक्षिणेत लढायला गेले आणि अडतीस घेऊन परत आले. मग त्यांनी नदीकाठी पिठाची गिरणी घातली, आणि गेली अकरा वर्षं ते इथल्या वारसा कोर्टाचे जज्ज होते. जुने शिपाई त्यांना कॅप्टन म्हणत, गिरणीत मालक, बाकी गाव जज्जसाहेब. तिन्ही हाकांना ते सारख्याच संथपणे मान वळवत. कोण लढाईत पडलं, कोण तापाने गेलं, हे त्यांनी मोहिमेवर असताना रोजच्या रोज त्या वहीत लिहिलं होतं.

यंदा गावाने कोर्टापुढच्या चौकात त्या माणसांच्या नावांचा दगडी स्तंभ उभारायचं ठरवलं. शिपायांच्या कबरींवर फुलं वाहायचा दिवस शुक्रवारी येत होता, त्या दिवशी कोनशिला बसायची होती. न परतलेले बावीस, पण नावं कोरायची ठरली एकवीस. बाविसावा रूबेन मॅडॉक्स. त्याच्या नावापुढे वहीत ‘पळून गेला’ असं लिहिलंय, हे गाव वीस वर्षं ऐकत आलं होतं. ते पान डोळ्यांनी कुणी पाहिलेलं नव्हतं. त्याची बायको हेस्टर गावाचे कपडे शिवते. तिने कोर्टात अर्ज केला की ते पान मला दाखवा. बुधवारी सकाळी सगळ्यांसमोर वही उघडायची होती. मंगळवारी ती गेली.

जज्जसाहेब ॲन्सेलवर ओरडले नाहीत. शुक्रवारपर्यंत वही जागेवर आली तर मी काही विचारणार नाही, म्हणाले. नाही आली तर शनिवारी मला सरकारी वकिलाला कळवावं लागेल. घरात लहान मूल आहे तुझ्या, मला ते करायला लावू नकोस.

“मी घेतलेली नाही, कोरा,” ॲन्सेल म्हणाला.

मी विचारलं नव्हतं. पण त्याने सांगितलं, आणि मग मला वाटायला लागलं की विचारायला हवं होतं.

२

मला तेव्हा धड झोप नव्हती. विनी आठ महिन्यांची, दात येत होते. ती झोपली की श्वास चालू आहे ना हे बघायला मी दर थोड्या वेळाने पाळण्याशी जायची. कॉलेजात मला तर्कशास्त्राचं बक्षीस मिळालं होतं. त्याचा आता एवढाच उपयोग उरला होता, की काय काय वाईट होऊ शकतं याची यादी मी इतर आयांपेक्षा लवकर करू शकत होते.

त्या संध्याकाळी यादी सोपी होती. ॲन्सेल तुरुंगात. कोर्टाच्या मागचं हे दोन खोल्यांचं घर कारकुनासाठी असतं, म्हणजे घर गेलं. मी विनीला घेऊन ओहायोत भावाच्या दारात.

मी त्याला समोर बसवून दिवस पहिल्यापासून सांगायला लावला. सकाळभर तो कोर्टात एकटाच होता, कारण जज्जसाहेब सकाळी गिरणीत असतात. बाराला कपाटाला कुलूप लावलं, पुढचं दार नुसतं ओढून घेतलं, घरी येऊन जेवला.

“कुठले बारा?” मी सवयीने विचारलं.

“गिरणीचे. तूच वाढलंस की.”

आमच्या गावात हा प्रश्न विचारल्याशिवाय कुणी कुणाला भेटायची वेळ ठरवत नसे. गेल्या नोव्हेंबरात सगळ्या रेल्वे कंपन्यांनी मिळून लांबलांबच्या गावांना एकच वेळ लावून दिली. पीठ गाडीने जातं, म्हणून गिरणीने रेल्वेची वेळ धरली आणि बाराची शिट्टी त्या वेळेला व्हायला लागली. कोर्टाचं घड्याळ मात्र जज्जसाहेबांनी हलू दिलं नाही. माझ्या कोर्टात दुपार सूर्य ठरवेल, आगगाडी नाही, असं त्यांनी भर कचेरीत सांगितलं होतं. त्यामुळे गिरणीची शिट्टी आधी व्हायची, आणि कोर्टाचे बाराचे ठोके त्यानंतर बत्तीस मिनिटांनी पडायचे.

तर ॲन्सेल शिट्टीला घरी आला, मक्याचा पाव आणि घेवडा खाल्ला, आणि नेहमीसारखा ठोक्यांच्या थोडा आधी परत गेला, कारण जज्जसाहेब कोर्टाच्या बाराला खुर्चीत बसतात. आत शिरला तर कपाट उघडं. तो तिथे उभा असतानाच ठोके पडायला लागले आणि दारात जज्जसाहेब आले.

“म्हणजे तो अर्धा तास कोर्टात कुणी नव्हतं,” मी म्हटलं.

“कुणी नव्हतं. आणि तू सोडून मी घरी होतो हे सांगणारं कुणी नाही. बायकोची साक्ष कोण धरतो?”

३

बुधवारी मी विनीला कडेवर घेतलं आणि प्रॉक्टरच्या छापखान्यात गेले. प्रॉक्टर आमच्या साप्ताहिकाचा संपादक. ‘वही उघडा’ असा मथळा त्यानेच सलग तीन आठवडे छापला होता, आणि जज्जच्या येत्या निवडणुकीत त्याला थर्लोंच्या खुर्चीत आपला मेहुणा बसलेला बघायचा होता. वही पळवून आळ कोर्टावर टाकणं त्याला सोयीचं होतं.

त्याने विनीच्या हातात शाईचा डाग नसलेला एकमेव कागद दिला, तो तिने तोंडात घातला.

“वहिनी, मी चोर असतो तर वही आतापर्यंत पहिल्या पानावर छापून मोकळा झालो असतो,” तो म्हणाला. मंगळवारी गिरणीच्या बाराला तो स्टेशनवर कागदाची रिळं उतरवून घेत होता. स्टेशनमास्तरपासून हमालापर्यंत सगळ्यांशी त्याचं भांडण झालं होतं, त्यामुळे सगळ्यांच्या ते लक्षात होतं. मला ते खरं वाटलं.

मी उठले तरी त्याची तक्रार संपेना. कोनशिलेच्या पोटात पत्र्याची एक पेटी ठेवायची होती, पुढच्या पिढ्यांसाठी. त्यात चालू नाणी, गावाचा नकाशा, चर्चची यादी आणि प्रॉक्टरचा अंक. पेटी जुन्या शिपायांच्या सभागृहात, खोगीरवाल्याच्या दुकानावरच्या माडीवर होती. तिथली किल्ली जज्जसाहेबांकडे. सोमवारी सगळ्या मंडळींसमोर अंक पेटीत ठेवला, झाकण लावून पाहिलं, चार बोटं जागा उरली होती.

“आणि मंगळवारी दुपारी अंक परत. सोबत थर्लोची चिठ्ठी, पेटीत जागा नाही. शंभर वर्षांनी लोकांना कळू नये म्हातारा कसा होता, म्हणून.”

मी मान हलवली. माझं निम्मं लक्ष विनी कागद गिळतेय का याकडे होतं.

४

हेस्टर मॅडॉक्सकडे जायला मला भीती वाटत होती. तिला वही हवी होती हे गावाला माहीत होतं. ती उघडायची कशाला, चोरली तर निदान ‘पळून गेला’ हे शब्द तरी जातील, असं कुणीही म्हणालं असतं. दोघं-तिघं म्हणतही होते.

ती मशीनवर बसली होती. पाय थांबले नाहीत. विनीकडे बघून म्हणाली, टोपी घट्ट बांधलीयस, रात्री रडत असेल. रडत होती. मी गाठ सैल केली.

“मला विचारायला आलीस ना? विचार,” ती म्हणाली. “मी मंगळवारी कोर्टात गेले होते.”

मग तिने सांगितलं. वही बुधवारी लोकांपुढे उघडण्याआधी आपण एकटीने पान बघावं, असं तिला वाटलं. चारचौघांत तोंड कसं ठेवायचं याची तयारी करायची होती. गिरणीची शिट्टी होऊन फार तर दहा मिनिटं झाली होती. दार आतून अडसर घालून बंद होतं. तिने तीनदा ठोठावलं. आत पावलं वाजत होती, ती थांबली. कुणी उघडलं नाही. मग ती घरी परत आली.

“कोण होतं आत, पाहिलंत?”

आता मशीन थांबलं.

“पाहायला कशाला हवं? त्या वेळी तिथे दुसरं कोण असतं? मी कुणाला सांगितलं नाही. तुझ्या कडेवर हे आहे म्हणून. पण तुझा नवरा आत होता, पोरी.”

५

घरी येताना मला पायाखालचं दिसत नव्हतं. शिट्टीनंतर दहा मिनिटांनी ॲन्सेल माझ्यासमोर बसला होता. मी त्याला घेवडा वाढला होता. वाढला होता ना? की तो सोमवार होता? झोप नसली की दिवस एकमेकांत सांडतात. मी भांडी आठवली, मंगळवारचा डागाळलेला टेबलक्लॉथ शोधून काढला, तो डाग त्याच्याच जागेवर होता. तरी मला खात्री होईना. हे मी ॲन्सेलला आजवर सांगितलेलं नाही.

गुरुवारी सकाळी त्याने जज्जसाहेबांच्या जबाबाची नक्कल आणली. शनिवारी वर पाठवायचा जबाब, आणि नक्कल करायचं काम कारकुनाचं, म्हणजे स्वतःविरुद्धचा कागद त्याने स्वतःच सुंदर अक्षरात उतरवला होता. जबाब दोन ओळींचा होता. “बाराची शिट्टी झाली तेव्हा मी गिरणी सोडली. बाराचे ठोके पडत असताना कोर्टात शिरलो, तेव्हा कपाट उघडं होतं आणि कारकून त्यासमोर उभा होता.”

मी तो दहा वेळा वाचला. खोट काढावी असं काहीच नव्हतं. गिरणीपासून कोर्टापर्यंत पाच मिनिटांची वाट. बाराला निघाले, बाराला पोहोचले. कागद घडी करून ठेवला आणि विनीला पाळण्यात घातलं.

तिचं दुपारचं वेळापत्रक सगळ्या गावाहून पक्कं. शिट्टी झाली की ती दचकून जागी होते. मग तिला मांडीवर घ्यायचं, पाजायचं, ढेकर काढायचा, थोपटायचं, आणि कोर्टाचे ठोके पडेपर्यंत ती पुन्हा झोपते. त्या दिवशीही शिट्टी झाली, ती जागी झाली. मी थोपटत होते, एक हात आखडला, दुसरा लावला. माझ्या मनात आलं, किती लांब आहे हा वेळ. मग ठोके पडले.

मी तशीच बसून राहिले. शिट्टी आणि ठोके. एका पोराला पाजून झोपवण्याइतका वेळ. आणि पाच मिनिटांची वाट.

त्या दोन ओळींत खोटं काही नव्हतं. जज्जसाहेब शपथेवर खोटं लिहिणारे नव्हते. त्यांनी दोन खरी वाक्यं शेजारी-शेजारी ठेवली होती, आणि मधली जागा आम्ही सगळ्यांनी आपणहून बुजवली होती. हे आमच्याच गावात चालण्यासारखं होतं. दोन बारा इतके अंगवळणी पडले होते, की भेटीची वेळ ठरवताना आम्ही विचारायचो, वाचताना विचारायचं कुणाला सुचलं नाही.

विनी झोपल्यावर तिला तशीच उचलली आणि गिरणीत गेले. शिट्टीची दोरी ओढणारा निल्स म्हणून एक स्वीडिश माणूस आहे, कमी बोलतो. मंगळवारी मालक शिट्टीला निघाले का, एवढंच विचारलं. हो, म्हणाला. रोज शिट्टीनंतर इथेच बसून जेवतात आणि मग सावकाश कोर्टात जातात. मंगळवारी जेवण तसंच राहिलं, शेवटी ते मांजरीने खाल्लं.

“हातात काही होतं?”

“पिठाची पिशवी. रिकामी.”

कंपनीची वही पिठाच्या पिशवीत मावते. पण मग ती भरलेली पिशवी गेली कुठे, हे मला तिथेच, पोत्यांच्या गल्लीत उभं असताना कळलं. सोमवारी पेटीत चार बोटं जागा होती. मंगळवारी नव्हती. आणि उद्या दुपारी झाळणीचा डाग लागून ती पेटी कायमची बंद होणार होती.

६

त्या दुपारी कोर्ट भरणार नव्हतं, जज्जसाहेब गिरणीतच माडीवरच्या खोलीत होते. मला बघून उठले, खुर्ची दिली, विनीच्या नाकावर पीठ पडेल म्हणून खिडकी लावली. मला तिथेच रडू आलं असतं. माझ्या लग्नात वडिलांच्या जागी हेच उभे होते.

“जज्जसाहेब,” मी म्हटलं, “मंगळवारी तुम्ही बाराला निघालात. कुठले बारा?”

खाली जात्यांची घरघर चालू होती. मग त्यांनी विचारलं, आणखी कुणाला सांगितलंस? मी नाही म्हटलं. पेटीचंही मला कळलंय, हेही सांगितलं.

“जाळून का नाही टाकलीत?”

“साठ माणसं आहेत तिच्यात,” ते म्हणाले.

मग त्यांनी खिडकीकडे तोंड करून सांगितलं. एका नदीवर त्यांना हुकूम होता की पलीकडचा काठ सकाळी सहापर्यंत धरून ठेवायचा, मग माणसं अलीकडे आणून दोन काठांमधला होडीचा दोर तोडायचा. रात्रभर गोळ्या चालल्या होत्या. त्यांनी साडेपाचलाच माणसं परत बोलावली आणि दोर तोडला. सगळ्यात लांबच्या पहाऱ्यावर रूबेन मॅडॉक्स होता. त्याच्यापर्यंत निरोप गेलाच नाही, कारण निरोप्या पाठवायला धीर उरला नव्हता. संध्याकाळी वही लिहायला बसले. ‘मागे राहिला’ लिहिलं तर का राहिला हे लिहावं लागलं असतं. पण हुकमाची नक्कल त्याच पानावर होती, आणि दोर तोडल्याची वेळ हातून सवयीने लिहिली गेली होती. वाचता येणाऱ्या कुणालाही ते पान कळलं असतं.

“अर्धा तास,” ते म्हणाले. “तेव्हाही तेवढाच होता.”

कपाट त्यांनी मुद्दाम उघडं टाकलं होतं, बाहेरचा चोर वाटावा म्हणून. ॲन्सेल आपल्या आधी पोहोचेल आणि त्याच्यापुढे उभा सापडेल, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. मग ते माझ्याकडे वळले.

“तुला वाटतं, मी ॲन्सेलला तुरुंगात जाऊ दिलं असतं?”

“मला माहीत नाही,” मी म्हटलं. “रूबेन मॅडॉक्सलाही माहीत नव्हतं.”

मी विनीला छातीशी धरलं आणि सांगितलं, उद्या मी पुढच्या रांगेत असेन. पेटीला डाग लागायच्या आधी तुम्ही बोलला नाहीत, तर मी बोलेन. लोक ऐकतील न ऐकतील. दार त्यांनीच उघडून धरलं.

७

कोनशिलेचा मुहूर्त कोर्टाच्या बाराचा होता. मी सकाळपासून तीनदा कपडे बदलले, विनीचे पाच वेळा. ॲन्सेलला अजून काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तो मला जाऊ देता ना. काय बोलायचं ते मनात म्हणून पाहत होते, आणि प्रत्येक वेळी पहिलंच वाक्य विसरत होते.

गिरणीची शिट्टी झाली तेव्हा चौकात निम्मीच माणसं होती. विनी दचकून जागी झाली. पत्रेवाला निखारे फुंकत होता, पेटी फळीवर होती, झाकण नुसतं टेकलेलं. जुने शिपाई निळ्या कोटांची बटणं लावत होते. कोट बहुतेकांना आता पोटावर बसत नव्हते. हेस्टर कडेला उभी होती, हातात फुलं. तिला ती वाहायला कबर नव्हती.

जज्जसाहेब अर्धा तास आधी आले. गिरणीकडून, एकटे, डोक्यावर हॅट नाही. पत्रेवाला गडबडून म्हणाला, अजून वेळ आहे, कॅप्टन. ते थांबले नाहीत. त्यांनी झाकण बाजूला केलं, वही काढली, पान उघडलं आणि हेस्टरसमोर धरली.

“तुम्ही पान मागितलं होतं,” ते म्हणाले. “मोठ्याने वाचा. माझं अक्षर आहे.”

हेस्टर कपडे शिवणारी, तिचे डोळे अधू. ती एकेक शब्द बोटाने धरून वाचत गेली. हुकूम सहाचा. दोर साडेपाचला. मग नाव, आणि ते दोन शब्द. वाचून झाल्यावर तिने पहिल्यापासून पुन्हा वाचलं, आणि या वेळी आवाज चढला होता, कारण मागून लोक येत होते. ते दोन शब्द मी लिहिले, ते खोटे आहेत, जज्जसाहेब म्हणाले. वही मी घेतली, तेही त्यांनी सांगितलं. आणखी काही सांगितलं नाही. हेस्टरने क्षमा केली नाही आणि त्यांनीही मागितली नाही. तिने वही मिटून काखेत धरली, जशी कापडाची गुंडाळी धरतात.

त्यांनी साखळीची किल्ली सोडवून ॲन्सेलच्या हातात दिली आणि ते गिरणीकडे चालू लागले. एक-दोघांनी हाक मारायला तोंड उघडलं, पण तिन्हींतली कुठली मारावी हे कुणाला सुचेना. ते वळणावर दिसेनासे झाले तेव्हा कोर्टाचे ठोके पडले. विनी माझ्या खांद्यावर झोपली होती. मी तिला कधी थोपटलं, आठवत नाही.

दगड एकवीस नावं बसतील असा घासून आला होता. खाली जागाच नव्हती, म्हणून रूबेन मॅडॉक्सचं नाव सगळ्यांच्या वर गेलं. दगडवाला अवघडून म्हणाला, बाई, हे वेगळं दिसेल. हेस्टर म्हणाली, दिसू दे, तो उंचच होता.

जज्जसाहेबांनी त्याच आठवड्यात खुर्ची सोडली. नव्या जज्जने पहिल्याच दिवशी ॲन्सेलला शिडीवर चढवलं आणि घड्याळाचा काटा बत्तीस मिनिटं पुढे करायला लावला. आता गावात बारा एकदाच वाजतात. गिरणीची शिट्टी आणि कोर्टाचे ठोके एकदमच होतात, विनी दचकून उठते, आणि पुढे झोपायचं कधी हे तिला सांगणारं काही उरलेलं नाही. मी तिला थोपटत बसते आणि मनातल्या मनात ती बत्तीस मिनिटं मोजते.